विगमनाच्या प्रश्नाचं उत्तर लिहिताना या चुका टाळा

विगमन म्हणजे पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्यांबद्दल निष्कर्ष काढणं; त्याला आधार काय, हा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचा प्रश्न. त्यावरची उत्तरं बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या ओळीत घसरतात. प्रश्न वाचताना कळलेला असतो, पण लिहिता लिहिता त्याच्या जागी दुसराच, सोपा प्रश्न येऊन बसतो. म्हणून आधी मूळ युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत मांडा आणि मगच पुढे जा.

ह्यूमने १७३९ मध्ये आणि पुन्हा १७४८ मध्ये मांडलं ते थोडक्यात असं. पाहिलेल्या उदाहरणांवरून न पाहिलेल्यांबद्दल काही ठरवताना निसर्ग एकसारखा वागतो हे आपण धरून चालतो. याला आधार काय? शुद्ध तर्क हा आधार देऊ शकत नाही, कारण उद्या निसर्गक्रम बदलला अशी कल्पना करण्यात कसलाही अंतर्विरोध नाही. अनुभवाकडे वळावं, तर अनुभवावरून पुढचं सांगायला तेच गृहीतक लागतं.

आता काळ्या हंसाबद्दल. हंस पांढरेच असतात असं युरोपात मानलं जायचं आणि १६९७ मध्ये विलेम द व्लामिंग या डच दर्यावर्दीच्या मोहिमेला पश्चिम ऑस्ट्रेलियात काळे हंस दिसले. उदाहरण खरं आहे, पण ते ह्यूमच्या प्रश्नाचं उदाहरण नाही. त्यातून एक सामान्य विधान चुकलं एवढंच कळतं. जगातले सगळे हंस पांढरे निघाले असते, आपला एकही अंदाज कधी चुकला नसता, तरी ‘हा निष्कर्ष काढायचा अधिकार कुठून आला’ हा प्रश्न तसाच उरला असता. हंस लिहायचाच असेल तर हे वाक्य त्याच्या पाठोपाठ आलंच पाहिजे.

‘आजवर विगमन उपयोगी पडलं, विज्ञान त्यावरच उभं आहे’ हे उत्तर तर फारच लवकर सुचतं. यात ‘आजवर’वरून ‘यापुढे’वर उडी आहे, आणि वाद त्या उडीबद्दलच आहे. उत्तर लिहून झालं की शेवटचा परिच्छेद याच नजरेने तपासा: भूतकाळाचा दाखला देऊन भविष्याची हमी दिली आहे का? दिली असेल तर तो परिच्छेद चक्रक दोषात अडकला आहे, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच त्यात धरून चाललं आहे.

काहीजण चतुराईने म्हणतात, खात्री नको, संभाव्यता पुरे. ही चूक जास्त फसवी आहे, कारण ती गणिताचा वेश घेऊन येते. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१४ मध्ये पाच हजार वर्षांच्या ज्ञात इतिहासाचे १८,२६,२१३ दिवस धरले आणि उद्या सूर्य उगवेल यावर १८,२६,२१४ ला १ अशी पैज लावता येईल असं काढलं. गणित बरोबर आहे. पण त्याच्या सूत्रात दोन गोष्टी आधीच घातलेल्या आहेत: सुरुवातीला सगळ्या शक्यता सारख्याच वजनाच्या, आणि रोजच्या रोज तीच एक न बदलणारी शक्यता लागू. या दुसऱ्या गृहीतकातून निसर्गाची एकसारखेपणाची अट मागच्या दाराने आत आली. संभाव्यता उपयोगाची नाही असं मी म्हणत नाही. ती या प्रश्नाच्या आधी उभी राहू शकत नाही.

गणिती विगमन ही गणितातली सिद्धतेची पद्धत; नाव सारखं असलं तरी तिचा इथे काही संबंध नाही, ते पूर्णपणे निगमन आहे, म्हणजे त्यात निष्कर्ष आधारविधानांतून अटळपणे निघतो. आणि ‘विज्ञान सिद्धान्त सिद्ध करत नाही, ते खोडून पाहतं, असं सांगून तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने १९३४ मध्ये प्रश्न सोडवला’ असं लिहू नका. सिद्धान्त खोडता येतात हे खरं, पण न खोडल्या गेलेल्या सिद्धान्तावर उद्याचा पूल बांधायला विसंबावं का, इथे तोच प्रश्न परत येतो.

भारतीय दर्शनांकडे वळलात की जास्त सांभाळा. ‘चार्वाक म्हणजे आपला ह्यूम’ असं बेधडक लिहिलं जातं. चार्वाक या प्राचीन जडवादी दर्शनाचं मत आपल्याला मुख्यतः विरोधकांच्या ग्रंथांतून कळतं आणि त्यानुसार चार्वाक अनुमानाला प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खात्रीचं साधन, मानतच नाहीत. ह्यूम अनुमान सोडा असं म्हणत नाही. ते सवयीतून येतं, तर्कबुद्धीतून नव्हे, एवढंच त्याचं म्हणणं.

नैयायिकांवर, म्हणजे न्यायदर्शनाच्या विचारवंतांवरही अन्याय होतो. ‘पुष्कळ वेळा धूर आणि अग्नी एकत्र पाहिले की व्याप्ती (जिथे धूर तिथे अग्नी असा अटळ संबंध) ठरते’ असं त्यांच्या नावावर खपवलं जातं. न्यायदर्शनाचा लेखक अन्नंभट्ट याने तर्कसंग्रह या आपल्याच ग्रंथावरच्या दीपिका या टीकेत ही शंका स्वतःच घेतली आहे: पार्थिव (पृथ्वीतत्त्वाच्या) वस्तूवर लोखंडाने ओरखडा उठतो हे शेकडो वेळा पाहिलं तरी हिऱ्यावर, तोही पार्थिव असून, उठत नाही, मग भूयोदर्शनाने, म्हणजे पुन्हा पुन्हा पाहण्याने, व्याप्ती कशी कळेल? त्याचं उत्तर असं की सहचाराच्या (दोन गोष्टी एकत्र असण्याच्या) ज्ञानासोबत व्यभिचाराचं (एक असून दुसरी नसण्याचं) ज्ञान नसावं लागतं, आणि व्यभिचाराची शंका आली तर ती तर्काने, म्हणजे उलट धरलं तर काय अनिष्ट ओढवेल हे दाखवून, दूर करायची.

पण शंकेला अंत कुठे? नैयायिक उदयनाचं उत्तर प्रसिद्ध आहे: ‘व्याघातावधिराशङ्का तर्कः शङ्कावधिर्मतः’. शंका धरणाऱ्याच्या स्वतःच्याच वागण्याशी तिचा विरोध येतो, तिथे ती थांबते; तर्क ही शंकेची मर्यादा. हा श्लोक देऊन बरेचजण पेन खाली ठेवतात, आणि चर्चा ऐन रंगात येते तिथेच उत्तर संपतं. न्यायमताचा टीकाकार, अद्वैती श्रीहर्ष याने याच श्लोकाची काही अक्षरं बदलून तो उलटवला: विरोध आहे म्हणता, तर शंका आहेच, मग तर्क तिची मर्यादा कसा? यावर नंतरचा नैयायिक गंगेश याने सांगितलं की शंकेला अडवते ती माणसाची स्वतःची क्रियाच. धूर हवा म्हणून जो विस्तव आणतो, पोट भरावं म्हणून जेवतो, त्याला धूर आणि विस्तवाच्या, जेवण आणि तृप्तीच्या संबंधाबद्दल शंका नसतेच.

व्यवहारात शंका टिकत नाही हे ह्यूमलाही मान्य होतं. पण त्याच्या मते शंका न टिकणं आणि आधार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तर न्यायमतात खरीखुरी शंका उठेपर्यंत आधार मागायची वेळच येत नाही. दोघांची तुलना करायची असेल तर या मतभेदापासून सुरू करा.