मानेत उतरणारी डोकेदुखी
डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखी, दोन्ही बाजूंनी जाणवणारी आणि मान-खांद्यांत उतरणारी डोकेदुखी बहुधा ताणामुळे होते. अशा वेळी गरम पाण्यात बुडवून पिळलेला, सोसवेल इतपत उष्ण पंचा मानेवर व खांद्यांवर १५ मिनिटे ठेवावा. त्यानंतर कवटीच्या तळाशी, मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत अंगठ्यांनी हलका, स्थिर दाब देत सावकाश श्वास सोडावा. मान कडकन मोडून घेऊ नये. केशकर्तनालयातील ती हौस तर मुळीच नको. साधी वेदनाशामक गोळीदेखील सलग काही महिने, महिन्यातील १५ किंवा अधिक दिवस घेतल्यास तीच डोकेदुखीचे कारण ठरू शकते. मात्र अचानक उसळलेली तीव्र वेदना, तापासह ताठरलेली मान अथवा हातापायांत दुबळेपणा असल्यास शेक देत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे.