हायकर बॉक्समध्ये सामान ठेवताना, उचलताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या पायवाटांवर, मग ती 4,265 किलोमीटरची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल असो की 340 किलोमीटरची जॉन म्यूर ट्रेल, वाटेतल्या दुकानात किंवा हॉस्टेलात बहुधा एक खोका ठेवलेला असतो. आपल्याला जास्त झालेलं त्यात ठेवायचं, हवं ते उचलायचं. पैसे नाहीत, नोंद नाही. हाच हायकर बॉक्स.

जास्त होतंच. घरून निघण्याआधी वाटेतल्या ठिकाणी टपालाने पाठवायची महिनोन् महिन्यांच्या अन्नाची पार्सलं भरलेली असतात आणि दुसऱ्या आठवड्यातच ओट्स बघवत नाहीत. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलवर मेक्सिकोच्या सीमेपासून साधारण 1,130 किलोमीटरवर केनेडी मेडोज हा थांबा येतो, वाळवंट मागे पडतं. पुढे सिएरा नेवाडाच्या डोंगररांगेत अस्वलांपासून अन्न सांभाळणारा जाड डबा पाठीवर घ्यावा लागतो, मग छत्री आणि पाण्याच्या जादा पिशव्या खोक्यात जातात.

पुडीवर नाव न लिहिणं

सगळ्यात जास्त माल वाया जातो तो यामुळे. झिप पिशवीतली पांढरी पूड दुधाची, इलेक्ट्रोलाइटची की कपडे धुण्याची? चाखून बघायला कोणी धजत नाही. मीही एकदा पाव किलो मेतकूट तसंच ठेवलं होतं. दोन दिवस तिथे मुक्काम होता. लोक पुडी हातात घेत, हुंगत आणि परत ठेवून देत. शेवटी मार्करने इंग्रजीत ‘भातावरची डाळ-मसाल्याची पूड, यात गहू आहे’ असं लिहिलं, तेव्हा कुठे ती गेली. शेंगदाण्याचं कूट असेल तर लिहायलाच हवं, तिकडे त्याची ॲलर्जी असलेले बरेच भेटतात. मूळ वेष्टन फेकलंत तर त्यावरची घटकांची यादी कापून पिशवीत सरकवा. शाकाहारी माणसालाही तीच वाचवते: रॅमन नूडल्सचा मसाला बीफचा असू शकतो, रिफ्राइड बीन्समध्ये (शिजवून घोटलेल्या घेवड्यात) डुकराची चरबी असू शकते.

औषधाच्या सुट्या गोळ्या मात्र नाव लिहूनही ठेवू नका, उचलूही नका.

वापरलेला फिल्टर उचलणं

फुकटात पाण्याचा फिल्टर मिळाला की हात आपोआप जातो. पण आतल्या पोकळ तंतूंमध्ये पाणी राहून ते एका रात्रीत गोठलं, तर तंतू तडकतात. बाहेरून काही कळत नाही, पाणीही नेहमीसारखंच येतं, पण जंतू अडत नाहीत. सिएरात म्हणूनच लोक फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपतात. आधीच्या मालकाने घेतला होता का, हे कोण सांगणार? त्यापेक्षा मुदत न संपलेल्या, सीलबंद क्लोरीनच्या गोळ्या मिळाल्या तर घ्या.

गॅसचा डबा हलवून अंदाज बांधणं

विमानात गॅस नेता येत नाही, त्यामुळे घरी परतणारे अर्धे डबे सोडून जातात. सर्वांत लहान डब्यात साधारण 110 ग्रॅम गॅस असतो. दुकानात काटा असेल तर त्याच मापाच्या नव्या डब्याशी वजन ताडा. काटा नसेल तर दोन्ही पाण्यात सोडा, भरलेला जास्त खोल बुडतो. आपण ठेवताना किती दिवस वापरला तेवढं डब्यावर लिहिलं तरी पुढच्याचं काम होतं.

खोक्याच्या भरवशावर पार्सल न पाठवणं

जॉन म्यूर ट्रेलच्या साधारण मध्यावरच्या म्यूर ट्रेल रँचवर उरलेल्या अन्नाच्या बादल्याच मांडलेल्या असतात. त्यांची ख्याती ऐकून काही जण रिकाम्या हाताने पोचतात. तुमच्या आधी वीस जण येऊन गेले असतील, तर हाती लागतात ते ओट्स. तिथून दक्षिणेला, ट्रेलच्या टोकाच्या माउंट व्हिटनी शिखरापर्यंत बरेच जण आठ-दहा दिवसांचं अन्न पाठीवर घेऊन निघतात. तेवढं ओट्सवर काढून बघा.

उघड्या पाकिटात हात घालू नका, आपल्या पिशवीत ओतून घ्या. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस अशा वाटांवर झपाट्याने पसरतो आणि सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही. साबण-पाण्याने हात धुवा. आणि उरलेलं अन्न ‘येणाऱ्याला होईल’ म्हणून वाटेच्या कडेला कधीच ठेवू नका. तिथे पहिला येणारा बहुधा अस्वल असतो.