मध्यम आकाराची आलिशान सेडान घेताना या चुका टाळा

वापरलेली गाडी पाहायला जाण्याआधी मी विक्रेत्याला एकच विनंती करतो : मी पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका. तिथे गेल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवतो आणि ते गार लागले तरच पुढचे पाहतो; कोमट लागले तर गाडी कितीही चकचकीत असली तरी दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ ठरवून परत फिरतो. मर्सिडीज ई-क्लास, बीएमडब्ल्यू ५ सिरीज, ऑडी ए६, लेक्सस ईएस किंवा व्होल्व्हो एस९० यांसारख्या गाड्या पाहताना ओळखीचे लोक मला सोबत नेतात, आणि त्यांच्या हातून होणाऱ्या चुका वर्षानुवर्षे इतक्या त्याच राहिल्या आहेत की त्या एकदा सविस्तर लिहून काढणे मला गरजेचे वाटले.

गरम इंजिन आणि कोरा स्कॅनर

रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचे पहिले अर्धे मिनिट जे सांगून जाते, ते नंतरच्या तासाभराच्या फेरीतही कळत नाही. तेलाचा दाब तयार होईपर्यंत सैल झालेली टायमिंग चेन (झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) खडखडते, झिजलेल्या व्हॉल्व्ह सीलमधून रात्रभर झिरपलेले तेल निळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते, आणि एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) कमी असेल तर इंजिन सुरुवातीला अडखळत फिरते. तेच इंजिन वीस मिनिटे चालवून ठेवले की यांतले बरेचसे दिसेनासे होते. म्हणून ‘तुम्ही येणार म्हणून गाडी तयार ठेवली आहे’ हे वाक्य ऐकले की मी सावध होतो.

दुसरी गोष्ट स्कॅनरची. गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्वस्तातला ओबीडी स्कॅनर आणि मोबाइलवरचे अॅप आता बहुतेकांकडे असते, आणि त्यावर एकही कोड दिसला नाही की नवखा ग्राहक निर्धास्त होतो. पण कोड पुसायला काही सेकंद पुरतात. पुसल्याची खूण मात्र मागे राहते : कोड पुसले किंवा बॅटरी काढली की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंधनाची वाफ अडवणारी यंत्रणा यांच्या स्वयंतपासण्या नव्याने सुरू होतात, आणि त्या पूर्ण होईपर्यंत ‘रेडिनेस’च्या पानावर ‘अपूर्ण’ असे दिसते. काही तपासण्यांसाठी इंजिन पूर्ण गार होऊन पुन्हा चालावे लागते, त्यामुळे त्या अर्ध्या तासात उरकत नाहीत. शिवाय कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली हा आकडाही अनेक गाड्यांमध्ये वाचता येतो. कोडच्या रिकाम्या यादीपेक्षा हा आकडा मी आधी पाहतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाला सहा वर्षे वापरलेली एक टर्बो पेट्रोल सेडान आवडली होती. आम्ही सांगितलेल्या वेळेला पोहोचलो तेव्हा इंजिन गरम होते. स्कॅनर लावला तर कोड एकही नव्हता, पण सहापैकी चार तपासण्या अपूर्ण होत्या आणि कोड पुसल्यापासूनचे अंतर होते अवघे ६ किलोमीटर. मी भावाला बाजूला घेऊन सांगितले की आज काही ठरवू नकोस, उद्या सकाळी गार इंजिन पाहू. त्याला मात्र आतली फिकट चामड्याची सीट आणि छताची काच भुरळ घालत होती, आणि तेवढ्यात विक्रेत्याने संध्याकाळी दुसरे गिऱ्हाईक येणार असल्याचे सांगितले. भावाने उभ्याउभ्या विसार दिला. चौथ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला, तेव्हा मागे निळसर धूर होता, इंजिन थरथरत होते आणि इंजिनाचा दिवा लागला होता. गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन मोजल्यावर एका सिलिंडरच्या पिस्टन रिंग गेलेल्या निघाल्या. इंजिन पूर्ण उघडावे लागले आणि त्या कामाला गाडीच्या किमतीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढा खर्च आला. त्या दिवशी मी पुरेशा ठामपणे बोललो नाही याची रुखरुख मला अजून आहे. तेव्हापासून माझा नियम असा की पहिल्या भेटीत विसार द्यायचा नाही, आणि जो माणूस पैसे खिशात घालूनच निघतो त्याच्यासोबत गाडी पाहायला जायचे नाही.

किंमत उतरते, सुटे भाग उतरत नाहीत

सात-आठ वर्षांची आलिशान सेडान नव्या साध्या गाडीच्या भावात मिळते, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. गाडीची किंमत घसरली तरी तिचा हेडलॅम्प, तिची एअर सस्पेन्शन (हवेच्या स्प्रिंगवर गाडी तोलणारी यंत्रणा) किंवा तिचा गिअरबॉक्स हे सारे मूळ किमतीच्या गाडीचेच भाग असतात आणि त्यांचे दरही त्याच पातळीवर राहतात. समोरच्या रहदारीनुसार झोत बदलणारा एलईडी हेडलॅम्प बिघडला तर पुष्कळदा आतला बल्ब बदलण्याची सोयच नसते, पूर्ण दिवा घ्यावा लागतो. मी स्वतः खरेदीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवतो. तेवढे बाजूला ठेवल्यावर जी गाडी परवडत नाही, ती घेऊ नये असे माझे मत आहे, मग ती कितीही स्वस्तात मिळत असो.

एअर सस्पेन्शनबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तिथे दुरुस्तीतही तीच घाई दिसते. हवेच्या स्प्रिंगचे रबर वयानुसार घडीवर चिरते आणि हवा हळूहळू गळू लागते. ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालत राहतो आणि अखेरीस जळतो. गॅरेजमधला घाईचा माणूस जळालेला कॉम्प्रेसर बदलून देतो, गळती तशीच राहते, आणि नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. गाडी घेण्याआधी ओळखायचा माझा उपाय साधा आहे : संध्याकाळी चारही चाकांच्या कमानींची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून लिहून ठेवायची आणि सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी, दार उघडण्याच्याही आधी, पुन्हा मोजायची. एक कोपरा बोटभर खाली आलेला दिसला तर गळती आहे.

‘आजीवन’ तेलाची समजूत

या वर्गातल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही, असे मला अनेकांनी, त्यांत चांगल्या शोरूममधल्या लोकांनीही, छातीठोकपणे सांगितले आहे. मला ते कधीच पटले नाही. बीएमडब्ल्यू, ऑडी, जग्वार अशा कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही कंपनी स्वतःच आपल्या प्रवासी गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी बदलण्याची शिफारस करते. ज्याने तो गिअरबॉक्स बनवला त्याचे ऐकायचे की पहिल्या मालकाला देखभाल स्वस्त वाटावी म्हणून छापलेल्या शब्दाचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी माझ्या गाडीचे तेल ८०,००० किलोमीटरला बदलतो.

बदलण्याच्या पद्धतीतही पळवाटा काढल्या जातात. झेडएफच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सला खाली प्लॅस्टिकचे पॅन असते आणि फिल्टर त्याच पॅनमध्ये बसवलेला असतो, त्यामुळे फिल्टर बदलायचा म्हणजे अख्खे पॅन बदलायचे. तो खर्च वाचवण्यासाठी नुसते तेल काढून तेवढेच नवे भरणारे पुष्कळ आहेत, आणि जुना फिल्टर आत तसाच राहतो. तेलाची पातळीही इंजिन चालू ठेवून, गाडी सपाटीवर उभी करून आणि तेल साधारण ३० ते ५० अंश सेल्सिअस असताना पाहावी लागते. ‘निघाले तेवढेच भरले’ हे मोजमाप होत नाही, कारण आधीची पातळी बरोबर होती याला कसलाच आधार नसतो. तेल बदलल्यामुळे चांगला गिअरबॉक्स बिघडला अशा ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांतले बहुतेक गिअरबॉक्स आधीच झिजलेले होते आणि लक्षणे दिसू लागल्यावरच मालकाला तेलाची आठवण झाली होती, असा माझा अनुभव आहे. म्हणून टेस्ट ड्राइव्हमध्ये गिअरबॉक्स पूर्ण गरम होईपर्यंत, म्हणजे निदान चाळीस मिनिटे, गाडी चालवावी. ‘आर’मधून ‘डी’मध्ये टाकताना होणारा उशीर, हलक्या अॅक्सिलरेटरवर जाणवणारी थरथर आणि थांबता थांबता बसणारा धक्का, या तिन्हींकडे लक्ष द्यावे. शोरूमभोवतीच्या दहा मिनिटांच्या चकरेत यांतले काहीच कळत नाही.

नाव तेच, गाडी वेगळी

‘ई-क्लास चांगली की ५ सिरीज’ या प्रश्नाला मला उत्तर देता येत नाही, कारण एकाच नावाखाली अनेक पिढ्या आणि त्यांत अनेक इंजिने येतात. २००२ मध्ये आलेल्या ई-क्लासला इलेक्ट्रो-हायड्रॉलिक ब्रेक होते, ज्यांचा पंप ब्रेक किती वेळा दाबले याची मोजदाद ठेवतो आणि मर्यादा गाठली की इशारा देतो. त्या ब्रेकसाठी कंपनीला २००४ आणि २००५ मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि २००६ च्या सुधारित गाडीत तिने साधे हायड्रॉलिक ब्रेक आणले. त्याच काळातल्या एम२७२ या व्ही६ इंजिनाच्या सुरुवातीच्या प्रतींमध्ये बॅलन्स शाफ्टचे (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचे) दातेरी चाक अकाली झिजते. बीएमडब्ल्यू ५२०डी मध्ये २००७ पासून आलेल्या एन४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे ती बदलणे हे मोठे काम होऊन बसते. ५२८आय या नावाची गाडी २०११ पर्यंत सहा सिलिंडरची होती. त्याच वर्षी तिला दोन लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन मिळाले आणि मागचा बिल्ला मात्र तोच राहिला. म्हणून गाडीच्या नावावर चर्चा करण्याआधी पिढी, वर्ष आणि इंजिनाचा संकेतांक या तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. एवढे कष्ट न घेता दोन व्हिडिओ पाहून मत बनवणाऱ्यांचा उतावळेपणा मला समजत नाही.

लोहचुंबक घेऊन गाडी तपासणाऱ्यांनाही हेच सांगावेसे वाटते. २००३ ते २०१० या काळातल्या ५ सिरीजचा पुढचा भाग अॅल्युमिनियमचा आहे, तिथे चुंबक चिकटणारच नाही. त्यावरून पुट्टी भरल्याचा निष्कर्ष काढून चांगली गाडी सोडणारे मी पाहिले आहेत. अॅल्युमिनियमवरही चालणारे रंगाची जाडी मोजणारे यंत्र वापरावे आणि एका पत्र्याचा आकडा शेजारच्या पत्र्याशी ताडून पाहावा.

विचित्र इशारे दिसले की आधी बॅटरी

एकाच वेळी स्टेअरिंग, एबीएस, एअरबॅग आणि पार्किंग सेन्सर अशा चार ठिकाणांचे इशारे आले की घाबरून महागडे कंट्रोल युनिट बदलू नये. आधी बॅटरी तपासावी, कारण व्होल्टेज पडले की ही सगळी युनिटे एकदम तक्रार करू लागतात. स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद करणारी सोय) असलेल्या गाडीत साधी बॅटरी बसवू नये, आणि बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकात करून घ्यावी, नाहीतर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करत राहते. बॅटरी ठीक असेल तर डिकीतला गालिचा उचलून ओल शोधावी. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या तुंबल्या की पाणी तिथपर्यंत पोहोचते, आणि अनेक गाड्यांची इलेक्ट्रॉनिक युनिटे तिथेच असतात. पुरातून निघालेल्या गाडीचा संशय असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण गुंडाळीच्या तळाशी राहिलेला गाळ सहसा कोणी धूत नाही.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी

नव्या गाडीतली सर्वांत मोठी चूक म्हणजे मोठी चाके. २० इंची रिम आणि पातळ टायर फोटोत शोभतात, पण त्यासोबत गाडीचा मऊपणा जातो आणि खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका वाढतो. मी नेहमी यादीतले सर्वांत लहान चाक निवडतो. गाडी रनफ्लॅट टायरवर असेल तर पंक्चर झाल्यावर साधारण ८० किलोमीटर अंतर, तेही ताशी ८० च्या आत, एवढीच मुभा असते आणि डिकीत बहुधा स्टेपनी नसते, हे घेण्याआधी माहीत असावे.

रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचा असेल तर डिझेल घेऊ नये, कारण काजळीचा फिल्टर साफ व्हायला साधारण ६०० अंशांचे तापमान लागते आणि छोट्या फेऱ्यांत ते गाठले जात नाही. पिढी बदलायच्या तोंडावर पूर्ण किंमत देऊ नये, आणि नव्या पिढीचे पहिलेच वर्षही टाळावे. मागच्या सीटवर बसून पाहिल्याशिवाय गाडी नोंदवू नये.

वापरलेल्या गाडीचे टायर पाहताना खाचांबरोबर तारीखही वाचावी : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने इतरत्रही काटकसर केली असावी, असे मी धरून चालतो. सर्व्हिसच्या बिलांवरचे किलोमीटर क्रमाने लिहून काढावेत, कारण मीटर मागे फिरवलेला असेल तर तो बहुधा इथेच सापडतो. शेवटी, पैसे देण्यापूर्वी दोन्ही किल्ल्या हातात घेऊन दोन्हींनी गाडी सुरू करून पाहावी, आणि चाकांना लॉकचे नट असतील तर त्यांचा अडॅप्टर डिकीत आहे याची खात्री करावी. तो हरवलेला असेल तर गॅरेजमध्येही चाक उतरवणे जिकिरीचे होते.