फिशफाइंडर घेताय? आधी बोटीचा तळ बघा

देवगडला आमची गिलनेटची, म्हणजे उभ्या जाळ्याची लाकडी बोट आहे, आतल्या इंजिनाची. पहिला फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खोली नि मासे दाखवणारं यंत्र, घेताना मी दुकानात बघितला तो फक्त पडदा. मोठा, रंगीत. पाण्यात राहून आवाज सोडणारा आणि परत आलेला आवाज ऐकणारा ट्रान्सड्यूसर पेटीत आला तो तसाच घेतला. प्लॅस्टिकचा, पिछाडीला बाहेरून बसवायचा. आमचे काका तांडेल, म्हणजे बोट चालवणारे. ते म्हणाले, "पाणी किती आसा ता माका शिशाच्या दोरयेन कळता. तुझो टीव्ही कशाक होयो?"

बंदरात झकास चालला. बाहेर पडून इंजिन वाढवलं आणि समुद्रतळाची रेघ गायब, पडद्यावर नुसता पाऊस. बोटीच्या पंख्याने (प्रोपेलरने) घुसळलेल्या पाण्यात बुडबुडे असतात आणि आवाज त्यांच्यातच अडकतो. पंख्याशेजारी कान ठेवून मासा ऐकायला बसल्यासारखं झालं. अख्खा हंगाम असाच गेला.

दुसऱ्या वर्षी तळातून भोक पाडून बसवायचा घेतला, ब्राँझचा. लाकूड पाणी पिऊन फुगतं, त्या दाबाने प्लॅस्टिकचा दांडा तडकू शकतो, म्हणून लाकडाला ब्राँझ. फायबरच्या बोटीला प्लॅस्टिक चालतं. लोखंडी बोटीला मात्र ब्राँझ नको, खाऱ्या पाण्यात दोन धातूंचं जमत नाही आणि गंज धरतो. तिथे स्टेनलेस स्टील. भोक न पाडता आतून चिकटवायचेही मिळतात, पण ते भरीव फायबरलाच. लाकडातून आवाज जात नाही, दुकानदार काहीही सांगो.

जागा पंख्याच्या बरीच पुढे, तळाला सतत स्वच्छ पाणी लागतं तिथे. पठाणाला, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याला, अगदी खेटून नको, नाहीतर एका बाजूचा समुद्र दिसतच नाही. तळ तिरका असेल तर खाली लाकडी ठोकळा घालून ट्रान्सड्यूसरचं तोंड सरळ खाली करायचं.

आता फ्रिक्वेन्सी, म्हणजे आवाजाची पट्टी. 200 किलोहर्ट्झचा आवाजाचा झोत अरुंद, चित्र बारीक. 50 चा रुंद, खोल जाणारा, पण ढोबळ. नेहमीच्या ट्रान्सड्यूसरचा झोत 200 ला 12 अंश आणि 50 ला 45 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे 20 मीटर पाण्यात पहिल्याला समुद्रतळाचा चार मीटरचा गोल दिसतो, दुसऱ्याला सोळा-सतरा मीटरचा. रुंद झोतात दिसलेला मासा बोटीखालीच असेल असं नाही, हे मला जाळी रिकामी आल्यावर कळलं. आम्ही 10 ते 25 वाव (एक वाव म्हणजे सहा फूट) पाण्यात जातो. तेवढ्याला दोन्ही फ्रिक्वेन्सीचा 600 वॅटचा पुरतो. एक किलोवॅटचा घेऊन मिरवायचं असेल तर मिरवा. फक्त पडदा आणि ट्रान्सड्यूसर एकमेकांना जुळणारे हवेत, वॅटसकट.

सगळेच मासे सारखे दिसत नाहीत. घोळीच्या पोटातलं भोत, ज्याला बाजारात एवढा भाव, ती हवेची पिशवी. तिच्यावरून आवाज जोरात परततो. सुरमईला भोत नसतं, म्हणून ती फिकी दिसते. फिकी खूण बघून पुढे जाऊ नका.

बसवण्याचं काम 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीत उरकायचं, बोट वर असते तेव्हा. वायर लांब वाटली तरी कापू नका, गुंडाळून ठेवा आणि इंजिनाच्या वायरींपासून दूर न्या. बोट पाण्यात उतरवल्यावर पहिला तासभर फळी उघडून भोकाशी बसा, पाझरतंय का बघत. दुसऱ्या दिवशी परत एकदा. शेवाळ नि शिंपले तोंडावर चढले की चित्र मंदावतं. ते प्लॅस्टिकच्या पट्टीने हलकेच खरवडायचे, सुरीने नाही.

ऑगस्टच्या पहिल्या फेरीला पडद्यावर आकडा आला 72. काका दचकले, "भात्तर वाव? हंय?" त्यांनी शिसं सोडलं. बारा वाव. मशीन फुटांवर होतं. मी ते फॅदमवर, म्हणजे वावावर केलं. आता दरवर्षी पहिल्या दिवशी आम्ही दोन्ही आकडे ताडून बघतो.