जुना टी-शर्ट फडक्याला देण्याआधी शिवण बघा

आमच्या गोव्यात टी-शर्टचं आयुष्य ठरलेलं असतं, आधी बाहेर जाताना घालायचा, मग घरात, मग पोरसात माडांना पाणी घालताना आणि शेवटी लादी पुसायला. गेल्या वर्षी चवथीच्या साफसफाईला मी डिचोलीला मामाकडे गेलो होतो, मामी व्हरांड्यात बसून फडकी कापत होती आणि त्या ढिगात मला एक नारिंगी टी-शर्ट दिसला, छातीवर टोपी घातलेलं एक हसरं पाखरू आणि खाली १९८३. मी अक्षरशः कात्रीखालून ओढून घेतला. मामी म्हणाली, "हें पिंजिल्लें फडकें कित्याक जाय रे तुका?" (हे फाटकं फडकं कशाला हवं रे तुला?)

मामा शिपार होता, म्हणजे बोटीवर नोकरीला. गोव्यात प्रत्येक वाड्यावर एक तरी घर असं सापडेल जिथला माणूस बोटीवर होता नाहीतर गल्फात, आणि त्या घरातल्या माळ्यावर एक ट्रंक असतेच. म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो की व्हिंटेज टी-शर्ट शोधायला हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात जाण्याआधी स्वतःच्या घरातल्या ट्रंका उघडा. बाजारात जे असतं ते दहा जणांच्या हातून गेलेलं असतं, आणि त्यात आता नवीन माल जुना करून ठेवलेला पण भरपूर असतो.

जुन्या टी-शर्टला किंमत का आली ते थोडक्यात सांगतो. ऐंशी-नव्वदच्या दशकात जी मुलं होती ती आता कमावती झाली, त्यांना त्यांच्या लहानपणीची वस्तू हवी असते. टी-शर्ट हा कोणी जपून ठेवायचा कपडा नव्हताच, त्यामुळे लाखांनी छापले तरी धड उरलेले फार कमी. २०२१ मध्ये सदबीजच्या लिलावात ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचा १९६७ चा एक टी-शर्ट १७,६४० डॉलरला गेला. तुमच्या ट्रंकेत तसला निघेल असं नाही, पण लादीच्या फडक्यापेक्षा बरंच काही निघू शकतं.

आता बघायचं कसं. शर्ट उजेडात टेबलावर पसरा आणि पहिली नजर चित्रावर नको, बाहीच्या टोकावर आणि खालच्या कडेवर टाका. तिथे दुमडलेल्या पट्टीवर टाक्यांची एकच ओळ आहे की दोन समांतर ओळी आहेत? एकच असेल तर त्याला सिंगल स्टिच म्हणतात, आणि अमेरिकन शर्टात ही शिवण साधारण नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्रास होती, नंतर बहुतेकांनी डबल सुरू केली. पण एवढ्यावर खूश होऊ नका. आपल्याकडे टेलरने कड परत मारून दिलेली असते, आणि हल्ली मुद्दाम सिंगल स्टिच घालून नवे शर्ट बनवतात. शिवण हा पहिला साक्षीदार, बाकीचे पण बोलले पाहिजेत.

दुसरा साक्षीदार म्हणजे मानेमागचं लेबल. कंपनी कोणती, देश कोणता, कापड काय हे बघा. स्क्रीन स्टार्स, हेन्स, फ्रूट ऑफ द लूम ही नावं जुन्या मालात खूप दिसतात. अर्धं कॉटन अर्धं पॉलिएस्टर असं लिहिलेलं असेल तर छानच, तो पातळ मऊ शर्ट लोकांना जास्त हवा असतो. आरएन आणि पुढे आकडा असेल तर तो अमेरिकन सरकारने कंपनीला दिलेला नंबर, तो त्यांच्या मोफत डेटाबेसमध्ये टाकला की कंपनीचं नाव कळतं, शर्टाचं साल मात्र कळत नाही, इथे बरेच जण चुकतात. अमेरिकेत १९७२ पासून कपड्यावर धुण्याच्या सूचनांचं लेबल लावणं सक्तीचं झालं, आणि शब्दांशिवाय नुसती चिन्हं चालतील अशी परवानगी १९९७ मध्ये मिळाली. म्हणजे अमेरिकन बाजारातल्या शर्टावर फक्त बादली आणि इस्त्रीची चित्रंच असतील तर तो ऐंशीतला म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका. युरोपात चिन्हं आधीपासून होती, त्यामुळे हा नियम तिकडच्या कपड्याला लावू नका.

चित्राखाली बारीक अक्षरात कॉपीराइटचं साल असतं, ते चित्राच्या हक्काचं साल असतं, शर्टाचं नव्हे. शर्ट त्याच्याआधीचा नसणार एवढंच त्यातून ठरतं, नंतर कितीही वर्षांनी छापलेला असू शकतो.

मग प्रिंट. जुन्या प्रिंटमध्ये बहुतेक वेळा प्लास्टिसोल शाई असते, ती कापडावर थर धरून बसते, बोट फिरवलं की हाताला लागते आणि वर्षानुवर्षं धुऊन धुऊन तिला बारीक तडे जातात. लेन्स घेऊन बघा, नव्या डिजिटल प्रिंटमध्ये रंग बारीक ठिपक्यांनी फवारल्यासारखा दिसतो. माझी स्वतःची युक्ती सांगतो, मी प्रिंट आणि कॉलर यांचं जमतंय का ते बघतो. खरा वापरलेला शर्ट सगळीकडे सारखा झिजत नाही, मानेला, काखेत, पोटावर जास्त झिजतो. प्रिंटला तडे आणि कॉलर मात्र दुकानातून आणल्यासारखी कडक असेल तर तो तुकडा मी परत ठेवतो. काही जण निळ्या यूव्ही टॉर्चने तपासायला सांगतात, चमकलं तर कापड नवं असं समजून, पण आजच्या धुण्याच्या पावडरीमुळे जुनं कापड पण चमकतं, त्यामुळे त्या टॉर्चवर पैसे घालवू नका.

काळ्या शर्टांबद्दल वेगळं सांगायलाच हवं कारण माझं त्यात नुकसान झालंय. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक जुना काळा शर्ट मिळाला, सगळं बरोबर, लेबल, शिवण, प्रिंट, आणि घरी आणून धुतला तर बादलीतून काढताना खांद्यापासून कागदासारखा फाटत गेला. याला ड्राय रॉट म्हणतात. सल्फर डायने रंगवलेल्या काळ्या कपड्यात वर्षांनंतर, विशेषतः दमट जागेत, आम्ल तयार होतं आणि ते सुताला आतून खातं. वरून काहीच दिसत नाही. म्हणून काळा शर्ट घेण्याआधी खालच्या कडेजवळ दोन्ही हातांच्या चिमटीत कापड धरून हलकं ताणा, करकर आवाज आला किंवा सूत सुटलं तर कितीही दुर्मिळ असो, सोडून द्या, त्याला उपाय नाही. आणि बाजारात ताणताना विक्रेत्याला विचारून ताणा, त्याचा माल आहे.

आता आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, आपली हवा. बाहेरची सगळी माहिती कोरड्या देशांतल्या लोकांनी लिहिलेली असते, ती इथे जून ते सप्टेंबर चालत नाही. मी काय करतो ते सांगतो. पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यातच, सगळे शर्ट उलटे करून थंड पाण्यात, साध्या सौम्य साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने हाताने धुवायचे, पिळायचे नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे आणि सावलीत वाऱ्यावर आडवे सुकवायचे. ब्लीच नाही, स्टार्च तर अजिबात नाही, स्टार्च आणि घामाचे डाग म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण. पूर्ण सुकला असं वाटल्यावर अजून एक दिवस ठेवायचा. घडी घालताना प्रिंटवर प्रिंट येऊ द्यायची नाही, गरमीत शाई शाईला चिकटते आणि सोडवताना चित्र निघून येतं, म्हणून मध्ये धुतलेलं पांढरं मलमल घालायचं. तारेच्या हँगरवर लटकवू नका, खांदे ओघळतात आणि गंजाचे डाग पडतात.

प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक, आतला ओलावा आतच राहतो आणि जुलैपर्यंत बुरशी. जुन्या सुती चादरीत गुंडाळा, कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर वीतभर पुढे ओढा, आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण त्या पावसाळ्यात दोन-तीनदा परत सुकवाव्या लागतात नाहीतर त्या असून नसून सारख्या. डांबर गोळ्या ठेवायच्याच असतील तर फडक्यात बांधून कोपऱ्यात, प्रिंटला टेकवू नका. कपाटात बल्ब पेटता ठेवायची पद्धत माझ्या आजीकडे पण होती, मी मात्र कपड्यांजवळ ती करत नाही, जुन्या वायरिंगचा भरवसा नाही. आणि बुरशी आलीच तर लगेच पाण्यात बुडवू नका, आधी तोंडाला मास्क लावून बाहेर अंगणात नेऊन मऊ ब्रशने कोरडी झाडा, मग धुवा.

टी-शर्टच कशाला, आपल्याकडे आठवणींच्या वस्तू ढिगाने आहेत आणि त्या कोणी वस्तू म्हणून बघतच नाही. फुटबॉलचं बघा, २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लब आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेतून बाहेर पडले. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद घेतलेलं, त्या काळातले शर्ट कुणाच्या तरी घरी नक्की पडलेत. खेळाडूचा खरा शर्ट आणि बाजारातला शर्ट यात फरक पडतो, म्हणून त्या वर्षीच्या पेपरातला फोटो शोधून नंबर कुठे शिवलाय, जाहिरातीचं नाव कुठे आहे हे जुळवून बघा. २००४ मध्ये इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पहिल्यांदा गोव्यात आला त्या वर्षीच्या बॅगा आणि बिल्ले, २००७ च्या पहिल्या सनबर्न संगीत महोत्सवाचे मनगटी पट्टे, २०१४ च्या पोर्तुगीज भाषिक देशांच्या लुसोफोनिया क्रीडा स्पर्धेतले शर्ट, कदंब बसची जुनी तिकिटं, देवळाच्या उत्सवातल्या नाटकांची हँडबिलं, तियात्राची म्हणजे कोकणी नाटकांची पण. आज यातल्या सगळ्यालाच भाव मिळेल असं मी म्हणणार नाही, पण हँडबिलं तर मला टी-शर्टपेक्षाही मोलाची वाटतात कारण ती कोणीच ठेवत नाही. त्यांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, सपाट ठेवा आणि चांगल्या पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटात घाला, साध्या वास येणाऱ्या पीव्हीसीच्या नको.

पोर्तुगीज काळातली नाणी घरात असतील, रुपिया-टांग्याची किंवा शेवटच्या काही वर्षांतली एस्कुडोची, तर कृपा करून चिंचेने घासू नका. चकचकीत झालं की जाणकार ते हातात पण धरत नाही, वरचा जुना रंग गेला की किंमत गेली. आणि एक कायद्याची गोष्ट, शंभर वर्षांहून जुनी वस्तू, हस्तलिखित असेल तर पंच्याहत्तर, १९७२ च्या कायद्याखाली पुरातन वस्तू ठरू शकते, ती देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. पाहुण्याने कितीही गोड बोलून मागितली तरी देऊ नका.

विकायचं असेल तर किंमत ठरवताना लोक किती मागतात ते बघू नका, किती रुपयांना खरंच गेलं ते बघा. ईबेवर विकून झालेल्या वस्तू वेगळ्या गाळून बघता येतात, त्यातले पाच-सहा सारखे शर्ट काढा आणि मधला भाव धरा. लेबलवरचा साइज सांगून भागत नाही, जुना लार्ज आजच्या मीडियमएवढा निघतो, म्हणून काखेपासून काखेपर्यंत आणि खांद्यापासून खालपर्यंत इंचात मोजून लिहा. भोक असेल तर भोकाचा फोटो आधी टाका. एकदा एका माणसाने मला डाग लपवून शर्ट विकला, तेव्हापासून मी स्वतः विकताना डागावर बोट ठेवूनच फोटो काढतो.

आणि गोष्ट लिहून घ्या, हे मी सगळ्यात जास्त कळकळीने सांगतोय. त्या दिवशी मी मामाला समोर बसवलं, शर्ट त्याच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं कुठे घेतला. आधी म्हणाला आठवत नाही, मग कडेवर अंगठा फिरवत फिरवत सुरू झाला. बोट कोळसा भरायला बाल्टिमोरला लागली होती, बेसबॉल काय असतं ते त्याला माहीत नव्हतं, पण त्या वर्षी तिथली टीम, ओरिओल्स, वर्ल्ड सिरीज जिंकलेली आणि रस्त्यावर जो तो हे पाखरू घालून फिरत होता, म्हणून त्याने पण घेतला. मी पडताळून बघितलं, ओरिओल्स १९८३ मध्ये खरंच जिंकले होते, शिवण सिंगल, लेबल त्या काळातलं. मामाची बोटीची नोंद असलेली सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, अजून कपाटात होती, तिच्या पानाचा फोटो आणि त्याने सांगितलेलं दोन पानी टिपण आता शर्टाबरोबर एकाच पाकिटात आहे. पत्ता, नंबर असले तपशील फोटोत झाकले.

शर्ट विकलेला नाही. मामी आता फडकी कापण्याआधी मला फोटो पाठवते, कालच दोन पाठवले, एकाची कड डबल होती, दुसऱ्याचं लेबल तिने आधीच कापून टाकलंय पण बाही सिंगल दिसतेय, रविवारी जाऊन हातात घेऊन बघतो.