डम्पिंग ग्राउंडचा गॅस इंधनासाठी काढताना

मुंबईचं गोराई डम्पिंग ग्राउंड 2007 मध्ये बंद झालं. ढीग झाकून आतला गॅस (कचरा कुजून निघणारा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड) विहिरींतून ओढायचा आणि फ्लेअरवर, म्हणजे गॅस नुसता जाळून टाकणाऱ्या बर्नरवर, जाळायचा, अशी सोय तिथे झाली. तोच गॅस भट्टीत किंवा बॉयलरमध्ये जाळायचा असेल, तर काम विहिरीपासूनच चोख हवं.

60 ते 90 सेंमी व्यासाचा बोअर कचऱ्याच्या खोलीच्या पाऊणपटच घ्या. तळाचं अस्तर फाटता कामा नये. आत 160 मिमीचा कडक प्लास्टिकचा (एचडीपीई) पाइप, त्याचा खालचा दोन-तृतीयांश भाग छिद्रांचा. भोवती 20–40 मिमी खडी. चुनखडीची नको, ती लिचेटमध्ये (कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्यात) विरघळते आणि छिद्रं बुजवते. छिद्रं संपतात तिथून वर मीटरभर बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी माती), त्यावर चिकणमाती. हवेत 5 ते 15 टक्के मिथेन असला की ठिणगी पुरते, म्हणून बोअर पाडणाऱ्या रिगजवळ बिडी, वेल्डिंग काही नको.

कचरा खचतो, मग विहिरींतून गॅस नेणाऱ्या आडव्या पाइपला झोळ पडतो आणि तिथे पाणी साचतं. व्हॅक्यूम गेजचा काटा थरथरू लागला की समजा, पाणी अडलंय. उतार निदान 3 टक्के ठेवा आणि सखल जागी पाण्याचा सापळा बसवा. ब्लोअरची (गॅस ओढणाऱ्या पंख्याची) ओढ 100 सेंमी पाण्याइतकी असेल तर सापळ्यातलं पाणी त्याहून उंच हवं, नाहीतर तिथूनच हवा आत येते. पावसाळ्यानंतर विहिरीत लिचेट किती चढलंय तेही मोजा; छिद्रं बुडाली असतील तर हवेच्या दाबावर चालणारा पंप लावा.

खरी कसोटी विहिरीवरच्या व्हॉल्व्हची. थोडासा उघडा, दिवसभर थांबा, मगच गॅसमधले घटक मोजणारा अॅनालायझर लावा. मिथेन 50 टक्क्यांच्या आसपास असेल तर हात लावू नका. नायट्रोजन वाढला पण ऑक्सिजन जवळपास शून्य, म्हणजे ओढ जास्त झाली: हवा झाकणातून आत शिरली आणि तिच्यातला ऑक्सिजन जिवाणूंनी वाटेतच संपवला. व्हॉल्व्ह आवळा. दोन्ही हवेतल्यासारखे साधारण 4:1 प्रमाणात दिसले तर पाइप किंवा होज गळतोय. तिथे व्हॉल्व्ह फिरवून काही होणार नाही. कार्बन मोनॉक्साइड 1000 पीपीएमवर गेला तर आत कचरा धुमसतोय असं धरा, विहीर बंद करा, भेगा चिकणमातीने बुजवा.

या गॅसची उष्णता नैसर्गिक वायूच्या निम्मी, म्हणून एलपीजीचा बर्नर चालत नाही. मोठ्या छिद्राचा जेट लागतो. आधी पाणी काढा, मग हायड्रोजन सल्फाइडसाठी लोहऑक्साइडचा थर. इंजिन चालवायचं असेल तर सिलोक्सेनसाठी (गॅसमधल्या सिलिकॉनच्या संयुगांसाठी) सक्रिय कोळसाही हवा, नाहीतर सिलिंडरमध्ये सिलिकाचा पांढरा थर बसतो. वाहनांत भरायचा बायोगॅस मात्र आयएस 16087 या भारतीय मानकाप्रमाणे निदान 90 टक्के मिथेनचा लागतो. कार्बन डायऑक्साइड पाण्याने धुऊन निघतो, पण विहिरीवर हावरटपणाने ओढलेला नायट्रोजन तसाच राहतो.