अंदमानला निघण्याआधी पंचांग उघडा

विमानाची तिकिटं काढताना सगळे शाळेच्या सुट्ट्या बघतात, भाडं बघतात. तिथी कुणी बघत नाही. अंदमानात मात्र खडकाचा कुठला पूल चालत जाऊन बघता येईल, कुठल्या किनाऱ्यावर पोहायला मिळेल आणि कुठे गुडघाभर पाण्यात दगड तुडवत बसावं लागेल, हे चंद्र ठरवतो. हॉटेलवाल्याने दिलेलं वेळापत्रक गाडीच्या सोयीचं असतं, समुद्राच्या नव्हे. नोव्हेंबर ते एप्रिल या मोसमात जायचं हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या सहा महिन्यांतले नेमके कोणते सात दिवस निवडायचे, ते इथे सांगतो.

आधी नावांचा घोळ मिटवू. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप (दोन्ही नावं २०१८ची), आणि पोर्ट ब्लेअर २०२४पासून श्री विजयपुरम झालं आहे. तिकिटावर नवं नाव दिसलं तर दचकू नका. बोलताना तिथेही जुनीच नावं चालतात. भारतीयांना या तिन्ही ठिकाणांसाठी वेगळा परवाना लागत नाही, पण बोटीवर चढताना मूळ ओळखपत्र लागतं.

भरती-ओहोटीचा हिशेब सोपा आहे. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. ओहोटी सकाळी ६ला असेल तर भरती सव्वाबाराच्या आसपास, आणि दुसऱ्या दिवशी हेच सगळं पाऊण-एक तास उशिरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे चढउतार कमी. कोकणात तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. ते गणित अंदमानात जसंच्या तसं लावू नका, कारण दर बंदराची वेळ वेगळी असते. पोर्ट ब्लेअरचा भरतीचा तक्ता फोनवर मिळतो, तो जायच्या आदल्या रात्रीच उतरवून ठेवा. २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तरी छोट्या बेटांवर नेटचा भरवसा धरू नये. रोख पैसेही पोर्ट ब्लेअरलाच काढा.

दुसरी गोष्ट सूर्याची. घड्याळ मुंबईचंच, पण बेटं मुंबईच्या जवळपास वीस रेखांश पूर्वेला. त्यामुळे डिसेंबरात सूर्य साडेपाचला उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. मे महिन्यात तर पाचच्या आधीच उजाडतं. नऊला नाश्ता करून साडेदहाला बाहेर पडणाऱ्याचा अर्धा दिवस गेलेला असतो. साडेपाचला उठा, रात्री नऊला झोपा, दुपारी बारा ते दोन सावलीत काढा.

आता तारखा. आमच्या मते सगळ्यात जमणारा बेत म्हणजे वद्य एकादशीला पोर्ट ब्लेअरला उतरायचं. (उपवास असेल तर दाणे-खजूर घरूनच न्या.) दुपारी सेल्युलर जेल. इमारतीच्या सात पाखांपैकी आता तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला आहे, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी आधी वर जाऊन यावं आणि मग खालचं संग्रहालय बघावं. द्वादशीला सकाळच्या बोटीने हॅवलॉक, तिथे तीन रात्री. अमावास्येला नील, एक रात्र. प्रतिपदेला पोर्ट ब्लेअरला परत, द्वितीयेला विमान. अमावास्येला प्रवास नको म्हणणारे घरात असतील तर त्यांना सांगा, समुद्राला तोच दिवस पसंत आहे.

हेच दिवस का, तर वद्य द्वादशी ते चतुर्दशी चंद्र पहाटेशिवाय उगवत नाही. हॅवलॉकच्या तिवरांजवळ काळोखात कयाक वल्हवताना पाण्यातले सूक्ष्मजीव निळसर चमकतात, ते पौर्णिमेच्या आठवड्यात जवळजवळ दिसतच नाहीत. ही सफर माहीतगारासोबतच करायची, एकट्याने कधीच नाही, कारण अंदमानच्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडीच्या तोंडाशी आणि तिवरांच्या कडेला पोहायचं नाही. किनाऱ्यावर जिथे जाळी किंवा दोरीने हद्द आखली आहे तिथेच उतरायचं, तेही उजेडात.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच, यात तडजोड नको. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. सकाळी हॅवलॉकहून निघून दुपारचं विमान गाठायचा बेत कागदावर छान दिसतो, तेवढाच.

हॅवलॉकमध्ये पूर्वेचे किनारे (गोविंदनगर, विजयनगर, काला पत्थर) सूर्योदयाचे आणि पश्चिमेचा राधानगर सूर्यास्ताचा. पूर्वेला ओहोटीत पाणी दूरवर हटतं आणि खडक, मेलेलं प्रवाळ उघडं पडतं. फोटोत निळंशार दिसलेलं पाणी कुठे गेलं म्हणून हॉटेलवाल्याशी भांडणारे पर्यटक याच वेळी भेटतात. तिथे पोहायचं तर भरतीच्या आधी-नंतर दोन तासांत. राधानगरचा तळ वाळूचा, त्यामुळे तिथे ओहोटीतही पोहता येतं. जेट्टीपासून तो साधारण बारा किलोमीटर आहे. स्कूटर भाड्याने घ्या आणि डिसेंबरात तीनपर्यंत पोहोचा. चारला निघाल तर फक्त गर्दी आणि मावळतं बिंब मिळेल.

प्रवाळ बघायला एलिफंट बीच. जेट्टीवरून बोटीने वीसेक मिनिटं. पहिल्या बोटीने जा, पाणी सकाळी निवळ असतं. बोटीच्या तिकिटात जे स्नॉर्केलिंग (मास्क लावून, नळीने श्वास घेत पाण्याखाली बघणं) मिळतं त्यात रिंगला धरून तुम्हाला थोडा वेळ ओढत नेतात, तेवढंच. नीट बघायचं तर स्वतःचा मास्क हवा. तो विकत घेताना पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत घ्या. हात सोडल्यावर मास्क पडला नाही तर तो तुमचा. केस कडेखाली अडकले तर पाणी शिरतं. दाट मिशी असेल तर थोडं शिरणारच. खालची कड नाकाच्या जितकी जवळ बसेल तितकं बरं, आणि मिशीची वरची ओळ कापलीत तर उत्तम. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी किंवा लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब चोळून पाण्यात एकदा बुडवा. चष्मा लागत असेल तर नंबरचे मास्क मिळतात, पण आदल्या दिवशी विचारून ठेवावं लागतं.

नळी दातांत हलकी धरा, ओठ घट्ट मिटा, श्वास संथ आणि लांब घ्या. पाणी आलं तर डोकं वर न काढता जोरात फुंकर मारा. घाबरण्याचं खरं कारण बहुधा पाणी नसतं, भराभर घेतलेले अर्धवट श्वास असतात. आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दहा मिनिटं सराव करा. पोहणाऱ्यांनीही जॅकेट घालावं, आणि प्रवाळावर पाय कधीच टेकू नये: ते मरतं आणि तुम्हाला कापतं. त्याची जखम चिघळते, म्हणून लगेच साबण आणि गोड्या पाण्याने धुऊन जंतुनाशक लावा. पाठ, मान आणि गुडघ्यांच्या मागची बाजू सगळ्यात जास्त भाजते. तिथे क्रीम थापत बसण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट आणि लांब पॅंट बरी.

स्कूबाच्या (पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाण्याच्या) पहिल्या डुबकीला पोहता यावं लागत नाही. प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाही. मुलांचं वय किमान १० हवं. दमा, हृदयविकार, फिट्स, नुकतंच ऑपरेशन, गरोदरपण यातलं काही असेल तर फॉर्मवर खोटं लिहू नका. सर्दी असेल तर तो दिवस सोडा, कारण खाली जाताना दर मीटरला नाक दाबून हलकेच फुंकून कान मोकळे करावे लागतात आणि चोंदलेल्या नाकाला ते जमत नाही. दुखतंय तरी पुढे गेलात तर पडद्याला इजा होते. दुखलं की थोडं वर या, पुन्हा कान मोकळे करा, मग खाली. शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसायला किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस जाऊ द्यावा. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. म्हणूनच स्कूबा हॅवलॉकच्या मुक्कामातच उरकायचं.

नील छोटं आणि सपाट आहे, सायकल पुरते. खडकाचा नैसर्गिक पूल लक्ष्मणपूरजवळ, तो ओहोटीतच. दिवसाउजेडी येणाऱ्या ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा, पाणी उतरत असताना आत चाला आणि ओहोटीनंतर तासाभरात मागे फिरा. खडक शेवाळी आहेत, म्हणून चपला नको, मागे पट्टा असलेले रबरी तळाचे सॅंडल हवेत. खळग्यांत समुद्री काकड्या, खेकडे, छोटे मासे अडकलेले असतात. बोट घालून ढोसू नका. काट्यांच्या गोळ्यासारखा सागरी प्राणी पायात घुसला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा.

बोट लागत असेल तर पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको; मधल्या किंवा मागच्या रांगेत बसून क्षितिजाकडे बघा. गोळी तासभर आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर फार उशीर झालेला असतो. तिने गुंगी येते, त्यामुळे त्याच सकाळी स्कूबा ठेवू नका. संध्याकाळी ओल्या वाळूवर बसलात की वाळूमाश्या चावतात आणि खाज चार-पाच दिवस जात नाही. पायांना खोबरेल तेल चोपडा आणि चटई अंथरा.

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे, मेलेलेसुद्धा, उचलायचे नाहीत. प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. शिंपल्यांच्या वस्तू हव्याच असतील तर पोर्ट ब्लेअरच्या 'सागरिका' या सरकारी दुकानातून घ्या आणि पावती हातातल्या बॅगेत ठेवा.